खुलासा : प्राचीन ज्यू विरक्त पंथांतील स्त्रिया

‘प्राचीन ज्यू विरक्त पंथांत स्त्रियांना थारा नव्हता, असल्याच तर त्या केवळ सेविका होत्या,’ असा संदेश सध्या अनेक गटांतून फिरत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ मरिओटिस सरोवराकाठी राहणाऱ्या थेराप्युटाय या ज्यू समुदायाचे वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातील तत्त्वज्ञ फायलो याने ‘चिंतनशील जीवन’ या ग्रंथात केले आहे. त्यात स्त्रिया साधक म्हणूनच येतात. त्यांपैकी बहुतेक वयस्क असून त्यांनी ज्ञानाच्या ओढीने, स्वेच्छेने ब्रह्मचर्य पत्करले होते, असे तो स्पष्ट लिहितो. दर सातव्या दिवशी सर्व जण एकत्र जमत. मध्ये तीन-चार हात उंचीची भिंत असे, परंतु वरचा भाग मोकळा ठेवलेला असल्यामुळे प्रवचन स्त्रियांनाही नीट ऐकू येई. उत्सवाच्या भोजनाला पुरुष उजवीकडे आणि स्त्रिया डावीकडे बसत. वाढण्याचे काम गुलाम नव्हे, तर स्वतंत्र तरुण पुरुष करीत, म्हणजे सेविकांचा मुद्दाच उरत नाही. त्यानंतर पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असे दोन गायनवृंद गात आणि मग एकत्र येऊन पहाटेपर्यंत गात राहत. मला हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो.

या समुदायाची माहिती फायलोखेरीज अन्य समकालीन लेखकाकडून मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

संदेशातील गोंधळ बहुधा एसीन या दुसऱ्या प्राचीन ज्यू विरक्त पंथामुळे झाला असावा. रोमन लेखक प्लिनी त्यांना स्त्रीविरहित म्हणतो, पण ज्यू इतिहासकार जोसेफस त्यांच्यातील विवाह करणाऱ्या शाखेचीही नोंद करतो.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.