जहाज निवडताना प्रवासीसंख्या आधी बघा

जहाजाच्या सफरींवरचा लेख आवडला, पण 'मोठं जहाज घ्या, स्वस्त पडतं' हा सल्ला अंटार्क्टिकासाठी मला पटला नाही. 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून तिथे कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत. लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी 100 च माणसं उतरवता येतात. म्हणजे जहाजावर दोनशे प्रवासी असतील तर पाळ्या लागणारच. पेंग्विन जवळून बघायचे असतील तर पैसे लहान जहाजावरच खर्च करावेत, खोलीच्या बाल्कनीवर नव्हे.

उतरल्यावरचे नियमही लेखात यायला हवे होते. पेंग्विनपासून किमान 5 मीटर दूर राहायचं, आणि तो स्वतःहून जवळ आला तर स्तब्ध उभं राहायचं. त्यांच्या ये-जा करण्याने बर्फात वाटा पडलेल्या असतात, त्यावर पाय ठेवायचा नाही. आपल्या बुटाने मऊ बर्फात खोल खड्डा पडतो, आणि इवल्या पायांचा पक्षी त्यात अडकू शकतो. म्हणून आपला खड्डा आपणच बुजवायचा! बर्फावर बसायला, गुडघे टेकायलाही आता मनाई आहे, कारण बर्ड फ्लू 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचला. बूट धुवायला लावतात त्याचं हेही एक कारण आहे, कृपया कंटाळा करू नका.

आणि हिमनगाच्या अगदी जवळ न्या म्हणून बोट चालवणाऱ्याच्या मागे लागू नका. हिमनग खालून वितळत असतो, तोल गेला की अचानक उलटतो.

ध्रुवीय अस्वलं मात्र उत्तरेकडेच. त्यासाठी नॉर्वेचा स्वालबार्ड हा बेटांचा समूह.