गळतं छप्पर आणि आमची दुसरी

आमच्या शाळेत वर्ग चार, गुरुजी एक आणि खोलीही एकच. वर्गांमध्ये भिंती नव्हत्या. पहिलीचं तोंड दाराकडे, चौथीचं फळ्याकडे, एवढाच काय तो फरक. मी दुसरीत, पण जागा मिळाली नेमकी चौथीच्या हद्दीला चिकटून. त्यामुळे उजव्या कानात पाढे शिरत आणि डाव्या कानात भूगोल.

"सतरा पंचे?" गुरुजींनी विचारलं.

"चोवीस तास!" मी ठणकावून सांगितलं.

पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता. पण ही बाजू गुरुजींनी ऐकून घेतली नाही.

गुरुजी एका वर्गात गुंतले की बाकीचे चौथीतल्या दांडग्या पोरांच्या ताब्यात. मोठ्यांनी लहानांना शिकवायची ही पद्धत अँड्र्यू बेल नावाच्या गृहस्थांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत राबवली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तकही छापलं, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळतं, तर कान पिरगाळला जाताना कोणाच्या नावाने बोटं मोडायची, हे तरी ठाऊक असतं.

पाटी दगडाची. तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि माझा हातचा एक नेमका तिथेच लिहिला जाई. पाटी पुसायला ओलं फडकं आणायचा नियम होता. ते पहिल्याच आठवड्यात हरवे. मग थुंकी आणि उजवी बाही. ओली असेपर्यंत पाटी अशी काळीभोर दिसे की वाटावं, आत्ताच विकत आणली. वाळू लागली की कालची बेरीज भुतासारखी हळूहळू वर येई आणि आजच्या बेरजेत मिसळे. शिवाय मी निम्मी पेन्सिल लिहायला वापरी आणि निम्मी खाई. (चव? मातकट, पण सवयीने आवडायची.)

खरी गंमत पावसाळ्यात. छप्पर सहा-सात ठिकाणी गळे, बादली मात्र एक. तिसरीवर धार लागली की तिसरी दुसरीच्या अंगावर सरके आणि मी ढकलला जात थेट चौथीत. एकदा झड लागली तेव्हा आठवडाभर तिथेच होतो. गुरुजींनी माझी पाटी तपासली, वर "अक्षर सुधार" असंही बजावलं. पोरगं भलत्याच वर्गात बसलंय, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ऊन पडलं आणि मी पुन्हा दुसरीत.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. पहिल्याच रांगेत मी. साहेबांनी मायेने विचारलं, "बाळ, कितवीत आहेस?"

मी आधी वर बघितलं. छप्पर कोरडं होतं.

"आज दुसरीत," मी म्हणालो.