क्रिप्टोच्या टेबलावर समोर कोण बसलंय?

आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका मित्राने पुन्हा तीच लिंक टाकली, क्रिप्टोवर चालणाऱ्या परदेशी पोकर साइटची. ‘गोव्याला जायला जमत नाही ना? मग इथे खेळा. यूएसडीटी टाका, केवायसी नाही, बँकेची कटकट नाही, घरात कुणाला कळणार नाही.’ (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो चलन.) खाली लगेच सात-आठ अंगठे. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते एवढं वाढलं की म्हटलं, आता सगळ्यांसाठीच लिहावं. कारण त्या लिंकवर मी चार महिने काढलेत.

आधी माझं पोकर सांगतो. मी कोल्हापूरचा. सहा वर्षं महिन्यातला एखादा शनिवार पणजीचा ठरलेला असायचा. गडहिंग्लज, आजरा, मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, आणि दिवे लागायच्या वेळेला मांडवीचा काठ. जेट्टीवरून छोट्या बोटीने कॅसिनोच्या जहाजावर जायचं. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलावर सगळे आमच्यासारखे बाहेरून आलेले. कुणी बेळगावचा, कुणी हुबळीचा, कुणी पुण्याचा.

हा खेळ मला मनापासून आवडतो, आजही आवडतो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे. बावन्न पत्त्यांतून हातात येऊ शकतील अशा जोड्या १३२६. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. हे गणित एका पावसाळ्यात पाठ होतं. नंतर सगळा अभ्यास समोरच्या माणसाचा. त्याने चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, पुढे सरकवताना हात कसा टाकला, नदीचा पत्ता म्हणजे शेवटचा पाचवा पत्ता पडल्यावर त्याची नजर आधी कुठे गेली, पाणी कधी मागितलं.

तिथे इस्लामपूरचे एक काका भेटायचे. ऊसवाले. फार बोलायचे नाहीत. एका रात्री मी चांगला हात हरलो. माझ्याकडे राजाची जोडी होती, समोरच्याला शेवटच्या पत्त्यावर फ्लश, म्हणजे किलवरचे पाच पत्ते, लागला. त्यानंतर मी वाटेल त्या पत्त्यावर पैसे टाकायला लागलो. तीन-चार डाव काकांनी बघितलं आणि मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, “भावा, ऊठ. आज तुझं ध्यान पत्त्यात न्हाई. खाली जाऊन च्या पी, आन् झोप.” मी उठलो. त्या रात्री माझ्या खिशात घरी न्यायला पैसे उरले ते त्यांच्यामुळे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे पणजी बंद. आणि नेमकं त्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आपल्याकडच्या पोकरच्या अॅप्सनी त्याच आठवड्यात पैशांची टेबलं बंद केली.

या कायद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पोकरला लॉटरीच्या पंगतीत बसवणं मला पटत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज आणि रमीबरोबर पोकरसुद्धा जुगाराच्या व्याख्येतून वगळलंय. उलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असा निकाल दिला. म्हणजे या प्रश्नावर शहाण्या माणसांतही दोन मतं आहेत, आणि तो वाद जरूर घालावा. पण हा कायदा मला मान्य नाही, म्हणून मी परदेशी क्रिप्टो साइटवर गेलो, आणि तिथे माझी मोठी चूक झाली.

सुरुवात फार सोपी वाटते. पीटूपीवर, म्हणजे लोक एकमेकांत थेट क्रिप्टो विकतात त्या बाजारावर, एका अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवायचे, तो यूएसडीटी सोडतो. ते साइटने दिलेल्या वॉलेटच्या, म्हणजे क्रिप्टोच्या खात्याच्या, पत्त्यावर पाठवायचे. पत्ता टी ने सुरू होणारा, ३४ अक्षरांचा. एक अक्षर चुकलं किंवा नेटवर्क चुकीचं निवडलं, तर पैसे परत आणून देणारं कुणी नाही. पहिल्यांदा मी रात्री साडेबाराला आईच्या खाटेशेजारी बसून ती अक्षरं दोनदा ताडून पाहिली होती. मिनिटभरात पैसे पोचले. फार मोठं काही साधल्यासारखं वाटलं.

मग आकड्यांची सवय लागली. टेबलावर ‘४’ दिसायचे. ते चार डॉलर, म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये, पण मनात चार रुपयेच वाजायचे. पणजीला चिप्स घेताना मी नोटा मोजून द्यायचो, इथे काहीच मोजलं जात नव्हतं. आणि वेग! जहाजावर डीलर कॅट पिसणार, वाटणार, कुणी विचार करत बसणार. तासाला पंचवीस-तीस डाव, म्हणजे अख्ख्या रात्रीत दोनशेच्या आसपास. फोनवर दोन टेबलं उघडली की तेवढे डाव दीड तासात संपतात. आईला रात्री दोनला औषध द्यायचं असायचं. मी अलार्म लावून जागा राहायचो, असं तिला वाटायचं. एकदा तिने हाक मारली आणि मी “हो, आलो” म्हणून पुढचे तीन डाव खेळत राहिलो. ती तशीच वाट बघत पडून होती. हे लिहितानाही मला लाज वाटते.

ऑक्टोबरमध्ये सहा जणांच्या टेबलावर दोन नावं पुन्हा पुन्हा एकत्र दिसायला लागली. मी डावात असलो की एक जण रक्कम वाढवायचा, दुसरा त्याच्यावर आणखी वाढवायचा, आणि मी पत्ते टाकले की दोघेही शेवटपर्यंत एक पैसा न लावता डाव संपवायचे. तीन रात्रींचे डाव मी वहीत उतरवले. हे दोघं फोनवर एकमेकांना पत्ते सांगत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वहीच्या पानांचे फोटो साइटला पाठवले. ‘तुमची तक्रार सुरक्षा विभागाकडे दिली आहे’ एवढं उत्तर आलं. पुढे काही नाही.

क्रिप्टोवाले मित्र सांगतात की तिथे पत्ते पिसणं गणिताने तपासता येतं, त्यामुळे फसवणूक अशक्य. पिसणं तपासता येत असेल, मान्य. पण दोन माणसं एका खोलीत बसून खेळतायत की नाही, ते कोणत्या ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या नोंदवहीत, दिसणार? समोर माणूस आहे की सॉफ्टवेअर, ते तरी कुठे दिसतं? पोकरच्या जगाला हे नवीन नाही. अल्टिमेटबेट नावाच्या साइटवर आतल्याच माणसांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते. खेळाडूंनी जुने डाव तपासून ते उघडकीला आणलं, आणि २००८ मध्ये कॅनडातल्या कानावाके गेमिंग आयोगाने कंपनीला दंड करून पैसे परत करायला लावले. फुल टिल्ट नावाच्या दुसऱ्या पोकर साइटवर २०११ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने कारवाई केली, तेव्हा कळलं की खेळाडूंना परत देण्याइतके पैसे कंपनीकडे शिल्लकच नव्हते. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतावा २०१४ पासून मिळायला लागला. उशिरा का होईना, तिथे दार ठोठवायला कुणीतरी होतं. मी ज्या साइटवर होतो तिचं ऑफिस कुठल्या देशात आहे, हेसुद्धा मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट.

नोव्हेंबरमध्ये मी जिंकलो. ३०० यूएसडीटी काढले आणि पीटूपीवर ९२ च्या भावाने विकले. एका अनोळखी नावाने माझ्या खात्यात २७,६०० रुपये जमा केले. सोळा दिवसांनी मेडिकलच्या दुकानात पैसे जाईनात. बँकेत गेलो, तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून माझं पूर्ण खातं गोठवलेलं. कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली होती, आणि त्या पैशांचा माग काढत यंत्रणा माझ्या खात्यापर्यंत आली होती. गृहकर्जाचा हप्ता चुकला. आईच्या फिजिओथेरपीचे पैसे मी बहिणीकडून घेतले, आणि का घेतोय तेही तिला सांगावं लागलं.

अर्ज केले, वॉलेटचे स्क्रीनशॉट दिले, तपास अधिकाऱ्यांना फोन केले. ते सभ्यपणे बोलले. खातं सात आठवड्यांनी सुटलं, फक्त ते २७,६०० अडकवून ठेवलेत. मी विचारलं, तक्रार कुणाची आहे? नाव सांगितलं नाही, सांगूही नये. एवढंच म्हणाले, “एक निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्शनची पुंजी गेलीय.”

मी चार महिने खेळलो ते अशा पैशांवर. जहाजावर मी कुणाचे पैसे जिंकले आणि कुणाला हरलो, ते चेहरे मला आजही आठवतात. इथे मला कुणी लुबाडलं ते माहीत नाही, आणि मला ज्यातून पैसे मिळाले ते कुणाला लुबाडून आणले होते तेही माहीत नव्हतं. मित्रांनो, ‘कुणाला कळणार नाही’ असं ती लिंक टाकताना लिहिता, त्यात आपल्यालासुद्धा काही कळणार नाही हे येतं.

कराचंही सांगून ठेवतो, कारण ग्रुपवर त्याबद्दल भलतंच चाललंय. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस आहे आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवरही ३० टक्के आहेच. ज्यांनी हे व्यवहार केलेत त्यांनी आपल्या सीएला सगळं खरं सांगा.

आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. मी पणजीला अजून गेलेलो नाही. इस्लामपूरच्या काकांचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता, आम्ही टेबलावरच भेटायचो.

गेल्या सोमवारी मी त्या तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की अडकलेल्या रकमेवर माझा दावा नाही, ती बाईंना परत द्यावी. अजून उत्तर आलेलं नाही.