फाय तीस धरा आणि घरी जा

अभिनंदन, तुमच्याकडे मातीची शिअर स्ट्रेंथ, म्हणजे माती सरकायला किती विरोध करते ते, काढायचं काम आलंय! आता लगेच लॅबकडे धावू नका, ती नवशिक्यांची खोड आहे. आधी साइटवर फोन लावा आणि शांतपणे विचारा, साहेब, एसबीसी (सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे जमीन सुरक्षितपणे किती भार पेलते) किती हवीय? समोरचा म्हणेल चौरस मीटरला वीस टन, कारण मुरूम लागला की वीस टन धरायचे असं त्याला त्याच्या साहेबांनी सांगितलेलं असतं आणि त्यांना त्यांच्या साहेबांनी. झालं काम! वीस टनांपासून उलटं गणित करत या, फाय, म्हणजे मातीच्या घर्षणाचा कोन, किती लागतो ते निघेल, मग माती तपासायला घ्या म्हणजे आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते तिलाही आधीच कळेल. आधी कळस मग पाया हे लोक उगाच टोमणा म्हणून बोलतात, आपल्या धंद्यात ती रीतसर कामाची पद्धत आहे.

थोडी थिअरी लागेलच, व्हायवाला विचारतात. कूलाँ नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनियर होता, तो मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात बरीच वर्षं घालवून परत आला आणि १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे एक निबंध ठेवला, तो छापून आला १७७६ ला. आपल्या कामाचं त्यात एवढंच आहे की माती सरकायला विरोध करते तो दोन कारणांनी, एक चिकटपणा, त्याला आपण सी म्हणतो, आणि दुसरं घर्षण, वरून दाब जितका जास्त तितकं ते जास्त, त्याचा कोन म्हणजे फाय. अडीचशे वर्षं झाली, सूत्र तेच आहे. फरक इतकाच की त्या काळी लोकांना आकडे मोजून काढावे लागायचे, आपल्याकडे मागच्या वर्षीची फाईल आहे.

आता सॅम्पल. पुस्तकात लिहिलंय की पातळ नळी जमिनीत हळू दाबायची, दोन्ही तोंडांना मेण लावायचं आणि न हलवता लॅबपर्यंत आणायची, म्हणजे मातीची आतली रचना आणि ओलावा जागच्या जागी राहतो, याला म्हणतात अनडिस्टर्ब्ड सॅम्पल. वाचायला छान वाटतं. तुम्ही ती नळी टेम्पोत सेंट्रिंगच्या प्लेटा आणि सिमेंटच्या गोण्यांच्या मधे आडवी टाका आणि ड्रायव्हरला सांगा की नाजूक माल आहे, तो हो म्हणेल, तो सगळ्यालाच हो म्हणतो. मेण मिळालं नाही तर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड आहेच. मग ती नळी लॅबच्या व्हरांड्यात आठ दिवस उन्हात पडू द्या, तोवर लेबलवरचं मार्कर उडून बोअरहोल बीएच-२ की बीएच-७ हेही कळेनासं होतं आणि तुम्हाला निवडीचं स्वातंत्र्य मिळतं. नळीतून माती हातोडीने ठोकून काढताना तिचे तीन तुकडे होतील, घाबरू नका, टेस्टला तीनच लागतात.

वाळू असेल तर मजाच मजा. डायरेक्ट शिअरचा, म्हणजे माती मधोमध सरकवून बघायचा, बॉक्स असतो ६० बाय ६० मिलिमीटरचा, आत सॅम्पल साधारण २५ मिमी जाडीचं, म्हणजे ९० घन सेंटीमीटर. साइटवरची घनता १.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर असेल तर बरोबर १४४ ग्रॅम वाळू तोलून तेवढ्या जागेत बसवावी लागते, कारण तीच वाळू सैल भरली तर फाय तिशीच्या आसपास आणि ठासून भरली तर चाळिशीला टेकतो. वाळू एकच, उत्तर भरणाऱ्याच्या हातात! एवढी सत्ता हातात असताना वजनकाटा कशाला मधे आणता? चमच्याने भरा, अंगठ्याने दाबा, फाय कमी हवा असेल तर अंगठा हलका ठेवा आणि जास्त हवा असेल तर लॅबमधल्या मामांना हाक मारा, त्यांचा अंगठा चांगला दणकट असतो.

एक गोष्ट मात्र जवळून बघून ठेवा, त्या दोन पिना. बॉक्सचे दोन अर्धे भाग असतात, वरचा आणि खालचा, आणि भरताना ते हलू नयेत म्हणून दोन लॉकिंग पिना घातलेल्या असतात. वरून दाब दिला की मशीन चालू करायच्या आधी त्या काढायच्या, आणि दोन स्क्रू किंचित फिरवून वरचा अर्धा भाग केसभर उचलायचा म्हणजे लोखंडावर लोखंड घासणार नाही आणि जे घासेल ते फक्त वाळूच. हे सगळं तुम्ही विसरणार आहात. मशीन सुरू होईल, जोर मोजणाऱ्या प्रूव्हिंग रिंगचा काटा फिरायला लागेल, फिरतच जाईल, पोरं खूश होतील की काय स्ट्राँग माती आहे, मग टक्क असा आवाज येईल आणि काटा परत येईल. ती पीन वाकली. हे रीडिंग खोडू नका, ग्राफवर इतका सुंदर पीक, म्हणजे शिखर, दुसऱ्या कशानेही येत नाही. तुम्ही स्टीलची शिअर स्ट्रेंथ काढलीत हे बाहेर कोणाला कळणारे?

वजनांचं गणित पण सोपं आहे. बॉक्सचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटीमीटर, तर अर्धा किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब हवा असेल तर १८ किलो लागतात, पण लीव्हर एकास पाच असतो म्हणून हँगरवर ३.६ किलोच ठेवायचे, पुढच्या दोन टेस्टना ७.२ आणि १०.८. आता लॅबमध्ये ३.६ किलो जुळतील अशी वजनं कधीच एका जागी नसतात, एक दाराला अडकण म्हणून लावलेलं असतं, एक शेजारच्या लॅबवाल्यांनी उसनं नेलेलं असतं आणि जे आहे त्याच्यावर इतका गंज चढलाय की छापलेला आकडा फक्त श्रद्धेने वाचावा. जे मिळतील ते ठेवा, जर्नलमध्ये ३.६ लिहा. प्रूव्हिंग रिंगचा काँस्टंट भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर असतो, तो कागद पिवळा पडलाय, रिंग मात्र मधे एकदा बदललीय. काँस्टंट बदलू नका, सगळ्या बॅचेसनी तोच वापरलाय आणि एकट्याचंच उत्तर वेगळं आलं तर चूक कोणाची ठरते हे मी सांगायला नको.

स्पीडबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण खरी कला इथे आहे. वाळूला मिनिटाला १.२५ मिमी चालतं, बॉक्स १२ मिमी सरकेपर्यंत टेस्ट चालवली तरी दहा मिनिटांच्या आत खेळ खल्लास. काळी माती आली की पंचाईत होते, कारण तिच्यातून पाणी लवकर निघत नाही, आणि ड्रेन्ड स्ट्रेंथ हवी असेल तर पाण्याला निघायला वेळ मिळेल इतक्या सावकाश ढकलावं लागतं, म्हणजे मिनिटाला ०.०१ मिमी धरला तरी १२ मिमीला १२०० मिनिटं झाली, वीस तास! एका सॅम्पलला वीस तास, अशी तीन सॅम्पलं, त्याआधी भिजवणं आणि कन्सॉलिडेशन (दाब देऊन पाणी निघू देणं) वेगळंच, आणि मधे लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. लॅब साडेपाचला बंद होते, वॉचमन सहाला मेन स्विच काढतो, तेव्हा गिअर काढा १.२५ चा आणि काळ्या मातीला दहा मिनिटांत उरका. आलेलं उत्तर धड ड्रेन्ड नसेल धड अनड्रेन्ड नसेल, पण आकडा तर असेल ना, दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग ग्राफ. आडवा दाब नव्हे, वरून दिलेला दाब आडव्या अक्षावर आणि सरकवायला लागलेला जोर उभ्यावर. नवखे लोक आधी तीन टेस्टचे तीन पॉइंट टाकतात आणि मग त्यांच्यातून रेषा जाते का बघत बसतात. असं नसतं हो. आधी सी आणि फाय ठरवून रेषा मारा, मग पॉइंट तिच्या अंगावर आणून बसवा, एक बरोबर रेषेवर, एक जरासा वर, एक जरासा खाली, म्हणजे खरं वाटतं. तिन्ही अगदी रेषेवर बसले तर मॅडमना संशय येतो. खरी रीडिंग्ज टाकलीत तर कधी कधी रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या खाली जाऊन छेदते आणि चिकटपणा मायनस येतो, म्हणजे माती स्वतःलाच ढकलतेय, अशा वेळी रेषेचं टोक बोटाने धरून शून्यावर आणा. उलट कोरड्या खडखडीत वाळूला सी ०.१५ आला तर काही करू नका, बॉक्स घासल्यामुळे आलाय हे तुम्हाला माहितीये, पण फुकट मिळालेला चिकटपणा कोणी परत करतं का?

काही महत्त्वाकांक्षी मंडळी विचारतील की ट्रायॲक्सियल (सॅम्पलला सगळीकडून पाण्याचा दाब देऊन वरून चेपायचं उपकरण) का नको? असतो ना, प्रत्येक लॅबमध्ये एक असतो, कव्हरखाली. कमिटी येते त्या दिवशी कव्हर निघतं, सेल पुसून ठेवतात, शेजारी एक तक्ता लागतो, आणि कमिटी चहाला वळली की कव्हर पुन्हा चढतं. टेर्झागी नावाच्या इंजिनियरने इस्तंबूलच्या कॉलेजात बसून सिगारच्या खोक्यांतून जुगाड केलेल्या उपकरणांवर १९२५ पर्यंत सॉइल मेकॅनिक्सचा पाया रचला, आणि आपल्याकडे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा डिजिटल पोअर प्रेशर ट्रान्सड्यूसर आहे ज्याची केबल मिळत नाहीये. चालवायचाच म्हटलं तर ३८ मिमी व्यासाचं आणि ७६ मिमी उंचीचं सॅम्पल तासा, रबरी मेम्ब्रेन चढवा, ओ-रिंगा लावा, मग बॅक प्रेशर (आतल्या पाण्याला दाब) देत देत सॅम्पल पूर्ण भिजलंय का ते बघायला बी व्हॅल्यू तपासा, ती ०.९५ च्या पुढे जायला काळी माती कित्येक दिवस घेते, आणि तेवढ्या दिवसांनी मेम्ब्रेनला टाचणीएवढं भोक होतं हे लक्षात येतं. कोणी सांगितलंय?

आणि समजा सगळं नीट झालंच तर त्याहून मोठी आपत्ती. पूर्ण भिजलेली चिकणमाती घेऊन ड्रेनेज बंद ठेवून यूयू (अनकन्सॉलिडेटेड अनड्रेन्ड) टेस्ट केली तर सेल प्रेशर १ ठेवा, २ ठेवा, ३ ठेवा, ग्राफवर निकाल दाखवणारी मोहरची तिन्ही वर्तुळं एकाच मापाची येतात कारण वाढवलेला दाब सगळा पाणीच पेलतं, कणांना त्याची खबरही लागत नाही, आणि फाय येतो शून्य. हे उत्तर बिनचूक आहे आणि म्हणूनच ते रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका. क्लाएंट लगेच फोन करतो, अहो शून्य कसं काय, टेस्ट फेल गेली का, पैसे तर पूर्ण घेतलेत! त्याला बारा लिहून द्या. बारा शोभून दिसतो. बारा आला म्हणजे सॅम्पलमध्ये हवा राहिली होती असं एखादा जाणकार म्हणेल, पण जाणकार माणूस रिपोर्ट उघडत नाही, तो थेट शेवटच्या पानावरची एसबीसी बघतो.

तर एसबीसी. इथे फाय जरा सढळ हाताने वाढवला की काय जादू होते बघा. आयएस ६४०३ या भारतीय मानकाच्या तक्त्यात, जमीन किती पेलेल ते काढायला वापरतात त्या गुणकांपैकी, ३० अंशाला एन गॅमा आहे २२.४ आणि ३५ अंशाला ४८.०३. पाच अंशात दुप्पट! दुसरा गुणक एनक्यू पण १८.४ वरून ३३.३ वर उडी मारतो. म्हणजे अंगठा थोडा जोरात दाबला, पीन वाकली ते दुर्लक्षित केलं आणि रेषा थोडी उभी मारली की बिल्डरचं फुटिंग (खांबाखालचा पाया) लहान होतं, स्टील वाचतं, आणि तो पुढचं काम पण तुम्हालाच देतो. कोणी फारच खोलात शिरलं तर फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन घेतलाय म्हणा. तीन हा फार दयाळू आकडा आहे, टेम्पो, उन्हातला व्हरांडा, गंजलेली वजनं सगळं त्याच्याच पोटात जातं, आणि वर भूकंप, पूर आणि ठेकेदार यांच्यासाठी पण तोच राखून ठेवलाय असं प्रत्येकाला वाटतं.

राहता राहिलं पाणी. शिअर बॉक्सच्या बाहेर एक डबा असतो, त्यात पाणी भरून सॅम्पल भिजू द्यायचं असतं, आपल्याकडे त्यात नट, ॲलन की आणि पेन्सिलचे तुकडे ठेवतात, त्यामुळे तो कृपया ओला करू नका. कणांच्या मधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी दाबले जातात, घर्षण कमी होतं आणि कालपर्यंत उभी असलेली माती चालायला लागते, हे टेर्झागी सांगून गेला. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला तो धो धो पावसानंतरच, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि त्या उताराची शिअर स्ट्रेंथ त्या सकाळी किती उरली होती हे कुठल्या कोरड्या बॉक्समधून निघणार नव्हतं. पण तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका, तो डोंगर होता, आपला प्लॉट सपाट आहे आणि टेस्टिंग मे महिन्यात आहे. मेमध्ये माती कशी छान वागते!

शेवटी रिपोर्ट. वर लोगो मोठा घ्या, मधे तक्ते, ग्राफ रंगीत, आणि तळाला अगदी बारीक अक्षरात टाका की निकाल फक्त लॅबमध्ये आलेल्या सॅम्पलपुरते लागू आहेत, सॅम्पल क्लाएंटने आणून दिलंय आणि प्रत्यक्ष साइटवरची परिस्थिती वेगळी असू शकते. या एका ओळीला अख्ख्या लॅबमधली सगळ्यात जास्त शिअर स्ट्रेंथ आहे, कितीही ढकला, सरकत नाही. युनिट एका पानावर केजी पर सेंटीमीटर स्क्वेअर आणि दुसऱ्या पानावर किलोपास्कल ठेवा म्हणजे कोणी पडताळायला बसलं तर ९८.१ ने गुणता गुणता कंटाळेल. शिक्का सहीच्या अर्धा वर येईल असा मारा, त्याने वजन येतं. आणि उरलेली माती लगेच टाकून देऊ नका हां, ट्रेमध्ये झाकून ठेवा, पुढच्या आठवड्यात दुसरी एक साइट येतेय आणि त्यांना सॅम्पल पाठवायला वेळ होईलसं वाटत नाही.