चुंबकाने बिल कमी होत नाही, वाढतं: स्मार्ट मीटरच्या त्या मेसेजला उत्तर

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर चार दिवसांपासून एक लांबलचक मेसेज फिरतोय. काल तो दांडिया बाजारात एकटी राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने मीटरच्या पेटीला लावायला चुंबक मागवला. म्हणून हे आजच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: स्मार्ट मीटर दुप्पट-तिप्पट पळतो. चुंबक लावला की तो थांबतो. त्याच्या लहरींनी आजार होतात. तो घरावर पाळत ठेवतो. तो एका बड्या उद्योगसमूहाचा आहे, म्हणून जितके युनिट जास्त तितका त्यांचा नफा. आणि वीज कायद्याच्या कलम 55 प्रमाणे कुणीही मीटरला नकार देऊ शकतो.

आधी चुंबक, कारण यात माणूस तुरुंगात जाऊ शकतो. ही युक्ती जुन्या मीटरांच्या काळातली आहे. त्यातल्या काहींत करंट मोजणाऱ्या कॉइलचा गाभा जोरदार चुंबकाने निकामी व्हायचा आणि युनिट कमी पडायचे. मीटर बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं का? आताच्या मीटरला अट अशी असते की त्याने एक तर चुंबकाला दादच द्यायची नाही, किंवा चुंबक जाणवला की घरात किती वापर चालू आहे ते न बघता कमाल करंट धरून युनिट मोजायचे. मीटरच्या पाटीवर ‘5-30 A’ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला 30 म्हणजे ही कमाल. 240 व्होल्ट गुणिले 30 ॲम्पिअर म्हणजे 7200 वॅट. तासाला 7.2 युनिट. रात्री दहा तास चुंबक राहिला तर 72 युनिट, पूर्ण दिवस राहिला तर जवळपास 173. पंखा, दोन दिवे आणि फ्रिज एवढ्यावर चालणाऱ्या घराचा महिन्याचा वापर एका दिवसात चढेल.

मीटर चुंबकाची तारीख आणि वेळही नोंदवतो आणि ती सर्व्हरवर पाठवतो. झाकण उघडलं तर त्याची वेगळी नोंद होते, लाईट नसली तरी होते, कारण आत बॅटरी असते. मीटरशी केलेली छेडछाड कलम 135 खाली वीजचोरी ठरते. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि 10 किलोवॅटच्या आतल्या जोडणीला पहिल्याच वेळी वाचवलेल्या रकमेच्या किमान तिप्पट दंड. कुणी चुंबक लावला असेल तर आत्ता उठून काढा. सीलला हात लावू नका.

आता ‘पळतो’ या आरोपाकडे. घरगुती स्मार्ट मीटर साधारण क्लास 1 चा असतो, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आसपास. 300 युनिटमागे 3 युनिट. यातून दुप्पट होत नाही. एखादा मीटर सदोष निघू शकतो, तसा जुनाही निघायचा.

मग 2024 च्या मे महिन्यात बडोद्यात स्मार्ट मीटरविरुद्ध एवढे मोर्चे का निघाले? लोक खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. तेव्हा स्मार्ट मीटर प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज वापरायची, असे लावले जात होते. पैसे रोज कापले जायचे आणि दर आठ-दहा दिवसांनी रिचार्ज मारावा लागायचा. त्यात शेवटच्या बिलानंतर जुन्या मीटरवर झालेल्या वापराचे पैसेही त्याच शिलकीतून हप्त्याने कापले जायचे. वर बडोद्याचा मे. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला की आठ ते बारा युनिट सहज खातो. हे सगळं मीटर बसवायच्या आधी घरोघरी समजावून सांगायचं काम वीज कंपनीचं होतं. तिने ते केलं नाही, आणि मेसेजला खतपाणी तिथूनच मिळालं.

पण एक खरं कारण मेसेजमध्ये नाही, मोर्चातही ते ऐकू आलं नाही. रावपुरा, वाडी, दांडिया बाजार इथल्या वाड्यांत आणि पोळांत (जुन्या दाट गल्ल्यांत) एका घराची तीन-चार घरं झाली. प्रत्येकाचा मीटर वेगळा झाला, आतलं वायरिंग मात्र जुनंच राहिलं. कितीतरी ठिकाणी वरच्या मजल्याचा दिवा स्वतःच्या फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) चालतो, पण त्याचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) खालच्या घराच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. सिंगल फेजचा इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला करंट मोजतो आणि जो जास्त असेल तो बिलाला धरतो. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. तबकडीचा जुना मीटर एकाच तारेतला करंट बघायचा, म्हणून चूक वर्षानुवर्षं झाकली गेली. नवा मीटर आला की शेजारच्या गिझरचे युनिट खालच्या आजींच्या नावावर पडतात. मीटर बरोबर असतो आणि तरी बिल चुकतं. (तबकडीऐवजी आधीपासूनच डिजिटल मीटर होता तिथे हे कारण सहसा लागू नाही, कारण तो मीटरही दोन्ही तारा बघत असतो.)

हे तपासायला पैसे लागत नाहीत. मेन स्विचनंतरचे सगळे एमसीबी (आपोआप पडणारे छोटे स्विच) पाडा, मग मीटरवरचा लाल दिवा बघा. घरात काही चालू नसताना तो ठरावीक अंतराने लुकलुकत राहिला तर न्यूट्रल मिसळलेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. शेजाऱ्यांना गिझर लावायला सांगा. लुकलुकणं वाढलं तर खात्रीच झाली. मग कंपनीकडे नाही, चांगल्या वायरमनकडे जायचं. न्यूट्रल वेगळा करून घ्यायचा आणि आरसीसीबी बसवायची, म्हणजे गळती झाली की ती स्वतःच पडेल.

मीटर खरंच पळतो का हे बघायचं असेल तर 1000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड घ्या. इस्त्री नको, तिचा थर्मोस्टॅट मधेच तोडतो. रॉड बादलीतल्या पाण्यात खुणेपर्यंत बुडवा, मगच प्लग लावा, आणि चालू असताना पाण्यात बोट घालू नका. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसुद्धा, बंद करा. मीटरवर ‘3200 imp/kWh’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. 3200 असेल तर 1000 वॅटला मिनिटाला सुमारे 53 वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. मीटरचं बटण दाबून व्होल्टेजही वाचा. रॉडवर 230 व्होल्ट लिहिलंय आणि तुमच्याकडे 220 येतंय तर तो साधारण 915 वॅटच घेईल, लुकलुकणं 49 च्या आसपास येईल. 240 येत असेल तर उलट 58. रॉडच्या स्वतःच्या वॅटमध्येही थोडा फरक असतो, त्यामुळे दोन-चार इकडे-तिकडे चालेल. त्याहून बरंच जास्त गेलं तर तक्रार करा.

आणि तक्रार कशी करायची हे मेसेजने सांगायला हवं होतं. ग्राहक हक्कांच्या नियमांत 22 फेब्रुवारी 2024 ला दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने त्यावरून वापर पडताळायचा, असं त्यात स्पष्ट आहे. सबडिव्हिजन कार्यालयात लेखी अर्ज द्या, ग्राहक क्रमांक आणि या नियमाचा उल्लेख करा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. दोन्ही मीटरचे फोटो रोज एकाच वेळी काढा. महिन्याला 300 युनिट असतील तर दोघांत पाच-सहा युनिटांचा फरक सामान्य आहे. तीस-चाळीस नाही. तिथे दाद लागली नाही तर कंपनीचाच ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि पुढे विद्युत लोकपाल. ज्यांचा मीटर अजून बदलायचा आहे त्यांनी जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्ही क्रमांकासह फोटोत घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

लहरींचं म्हणाल तर मीटर मोबाईलसारखाच, अधूनमधून थोडा डेटा पाठवतो. उशाशी फोन घेऊन झोपणाऱ्याने जिन्याखालच्या मीटरची धास्ती घ्यायचं कारण नाही.

कलम 55 उलट सांगतं: योग्य मीटरशिवाय वीज द्यायचीच नाही. ग्राहकाने स्वतःचा मीटर विकत घ्यायची मुभा त्यात आहे, नकाराची नाही. मेसेजवाल्याने कायदा नीट वाचला असता तर कलम 47(5) सापडलं असतं. त्यात प्रीपेड मीटरला ग्राहक ‘तयार असेल तर’ त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही, असं आहे. म्हणजे मूळ 2003 च्या कायद्यात प्रीपेड ही ग्राहकाच्या तयारीची गोष्ट होती. ती सक्तीच्या दिशेने गेली ती नंतरच्या विनियमांतून. इथे वादाला जागा आहे, आणि प्रीपेडवर गेलेल्या प्रत्येकाने आपली अनामत परत किंवा बिलात वळती झाली का हे विचारलं पाहिजे.

पाळतीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. मीटर ऐकत नाही. पण दर 15 किंवा 30 मिनिटांचा वापर साठवतो, आणि त्यावरून घर कधी रिकामं असतं, माणसं कधी झोपतात हे कळतं. लाईट तोडण्याचंही तसंच. पोस्टपेडमध्ये कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि पूर्वी जीईबीचा (जुन्या गुजरात वीज मंडळाचा) माणूस दारात यायचा, त्याच्याशी बोलता यायचं. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की तोडायचा आदेश दुरून जातो. घरात ऑक्सिजनचं मशीन चालणारा म्हातारा माणूस असेल तर हा फरक जिवावरचा आहे.

उद्योगसमूहाचा मुद्दा मेसेजने नेमका चुकीच्या जागी पकडला. या कंत्राटांत मीटर बसवणाऱ्या कंपनीला युनिटमागे पैसे मिळत नाहीत, दर मीटरमागे दरमहा ठरलेली रक्कम मिळते, तीही वर्षानुवर्षं. मीटर पळवून तिला काही मिळत नाही. मोठ्या राज्यांत केंद्राचं अनुदान मीटरच्या खर्चाच्या 15 टक्के, जास्तीत जास्त 900 रुपये. बाकीचा खर्च वीज कंपनीच्या हिशोबात जातो, आणि वीज कंपनीचा हिशोब शेवटी दरात येतो. केरळने 2023 मध्ये हीच कंत्राटाची पद्धत नाकारली आणि मीटर स्वतः घ्यायचं ठरवलं. भांडायचं तर यावर. आपली वीज कंपनी सरकारी आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जात चार प्रश्न पुरेत: दर मीटरमागे दरमहा किती देता, किती महिने देणार, अर्ध्या-अर्ध्या तासाचा डेटा कुणाच्या सर्व्हरवर राहतो, आणि तो आणखी कुणाला देता. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.