"२१ दिवस कार्ब्स बंद, क्रेव्हिंग कायमचं बंद" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

हा मेसेज मला परवा चौथ्यांदा आला. यावेळी मामींनी पाठवला, खाली लिहिलेलं "तुला उपयोगी पडेल गं". मामींवर माझा अजिबात राग नाही, त्यांनी मायेनेच पाठवला. राग मेसेजवर आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच करून बसलेय, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा शेवट एकच झाला, रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभी राहून आख्खं बिस्किटांचं पाकीट संपवलं आणि मग रडले. तेव्हा वाटलं दोष माझाच आहे. आता बरंच वाचल्यावर कळतंय की दोष त्या सल्ल्यात होता.

मेसेज मोठा आहे, थोडक्यात त्यात असं म्हटलंय: साखर कोकेनपेक्षा आठपट व्यसन लावते. कार्ब्स (भात, पोळी, बटाटा, साखर यातले पिठूळ आणि गोड घटक) खाल्ले की इन्सुलिन (रक्तातली साखर आवरणारं हार्मोन) वाढतं आणि इन्सुलिन असताना चरबी जळूच शकत नाही. कार्ब्स बंद केले की पहिल्याच आठवड्यात तीन किलो चरबी जाते. २१ दिवस एक घासही खाऊ नका, मग क्रेव्हिंग (खाण्याची अनावर ओढ) येतच नाही. चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे. संध्याकाळी सातनंतरचे कार्ब्स सरळ पोटावर जातात. एवढं करूनही मन चळलं तर तो तुमचा कमकुवतपणा. आणि हे सगळं सगळ्यांसाठी सुरक्षित.

एकेक घेऊया.

कोकेनपासून सुरुवात करते कारण लोक घाबरतात ते त्यालाच. ही तुलना उंदरांवरच्या प्रयोगांतून आलीय. नेहमी पुढे केला जातो तो २००७ सालचा, फ्रान्समधल्या बोर्डो इथला. उंदरांना दोन लिव्हर दिले, एक दाबलं की कोकेन आणि दुसरं दाबलं की गोड पाणी, आणि ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या मुख्य प्रयोगातलं पाणी साखरेचं नव्हतंच, सॅकरिनचं होतं, म्हणजे ज्यात ना कार्ब्स ना कॅलरी. साखरेच्या पाण्यानेही पुढे तसंच दिसलं, पण मग यातून सिद्ध काय होतं, तर उंदरांना गोड चव फार आवडते एवढंच. एखादी गोष्ट जास्त आवडणं आणि तिचं व्यसन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी मेसेजमध्ये कधीच नसते. उंदरांमध्ये साखरेचं व्यसनासारखं वागणं दिसलंय हे खरंच आहे, अधाशासारखं पिणं, बंद केल्यावर बेचैन होणं, सगळं. पण ते कोणत्या उंदरांमध्ये? ज्यांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी समोर ठेवलं त्यांच्यात. ज्यांना साखर कधीही मिळत होती ते उंदीर तसे वागलेच नाहीत. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हे सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा त्यांनीही हेच मांडलं, की व्यसनासारखं वागणं दिसतं ते साखर मधूनमधून तोडली जाते तेव्हा. म्हणजे ज्या प्रयोगांचा आधार घेऊन "पूर्ण बंद करा" सांगतात तेच प्रयोग सांगतायत की आधी उपाशी ठेवणं आणि मग समोर ठेवणं यातूनच अधाशीपणा तयार होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती रात्री अकराची बिस्किटं आठवली, दिवसभर सॅलड आणि दोन अंडी, आणि मग ते. त्यात नवल काहीच नव्हतं.

माणसांवरही बघा. २००५ मध्ये कॅनडात एक साधा प्रयोग झाला, काही जणींना एक आठवडा चॉकलेट खाऊ नका सांगितलं. ज्या आधीपासून सतत डाएटवर असायच्या त्यांनी आठवड्यानंतर चॉकलेट समोर आल्यावर इतरांपेक्षा जास्त खाल्लं. आणि त्याहून जुनं, १९४४-४५ मधलं मिनेसोटाचं काम, संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण १६०० कॅलरी, आणि हे ठणठणीत पुरुष दिवसभर फक्त जेवणाचा विचार करायला लागले, पाककृती गोळा करायला लागले, स्वप्नातही अन्न. आजकालच्या कितीतरी डाएट प्लॅनमध्ये १६०० पेक्षाही कमी कॅलरी असतात हे जरा लक्षात घ्या.

इन्सुलिनचा मुद्दा. इन्सुलिन वाढलं की चरबी जळणं काही वेळ मंदावतं, एवढं बरोबर आहे. पण ते काही वेळापुरतं, पुढच्या दोन जेवणांच्या मधे आणि रात्रभर शरीर चरबी वापरतच असतं, आणि वजनाचा हिशोब दिवसांचा-आठवड्यांचा असतो, एका तासाचा नाही. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० लोकांना वॉर्डमध्ये ठेवून दोन आठवडे कमी फॅट-जास्त कार्ब्सचं जेवण दिलं आणि दोन आठवडे कीटो (अगदी कमी कार्ब्स, भरपूर फॅट), दोन्हीत हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. २०२१ मध्ये आलेला निकाल असा की जास्त कार्ब्सवाल्या जेवणात इन्सुलिन बरंच वर जात होतं तरीही लोक दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खात होते. इन्सुलिनमुळेच भूक आणि चरबी वाढते हे खरं असतं तर उलटं व्हायला हवं होतं. आणि स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासात तर ६०९ लोक वर्षभर होते, अर्धे लो फॅट अर्धे लो कार्ब, वजन सरासरी ५.३ किलो आणि ६ किलो कमी झालं, म्हणजे म्हणण्यासारखा फरकच नाही. दोन्ही गटांना भाज्या भरपूर आणि साखर-मैदा-प्रोसेस्ड कमी एवढं सारखं सांगितलेलं होतं. मला वाटतं काम त्यानेच केलं.

तीन किलो चरबी एका आठवड्यात, हे मात्र सरळ चूक. शरीरात कार्ब्सचा साठा ग्लायकोजेन म्हणून असतो, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स बंद केले की हा साठा उतरतो, पाणी निघून जातं, काटा खाली. पहिल्या आठवड्यातलं बरंचसं वजन हेच असतं. म्हणूनच एका दिवशी भात खाल्ला की काटा दीड किलो वर जातो आणि बिचारा माणूस समजतो सगळं मातीत गेलं, आणि मग "आता गेलंच आहे तर खाऊन घेऊ" सुरू होतं. माझ्या दोन्ही वेळच्या घसरगुंडीची सुरुवात अशीच काट्यावरून झाली होती. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

२१ दिवस कुठून आले? १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" गळालं आणि चेहरापण गळाला, आकडा तेवढा राहिला. लंडनमध्ये २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजलं तर नवीन सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यामुळे बाविसाव्या दिवशीही खावंसं वाटलं तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लो कार्ब दीर्घकाळ नीट पाळणाऱ्यांमध्ये कार्ब्सची ओढ हळूहळू कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय, आणि लो फॅट पाळणाऱ्यांमध्ये तेलकट-तुपकटाची ओढ कमी झालेली. त्यामुळे ज्यांना लो कार्ब झेपतं, पोटभर जेवून झेपतं, त्यांनी खुशाल करावं, माझी मैत्रीण तीन वर्षं करतेय आणि मजेत आहे. माझं भांडण "सगळ्यांनी, एकदम, एक घासही नाही" याच्याशी आहे.

मॅग्नेशियम. बिया, सुकामेवा, पालेभाज्या यात भरपूर मॅग्नेशियम असतं, पण रात्री कुणाला भोपळ्याच्या बियांचं क्रेव्हिंग आल्याचं ऐकलंय? १९९४ मध्ये चॉकलेटप्रेमींना कोकोच्या कॅप्सूल देऊन पाहिलं होतं, कोकोमधले घटक त्यात, फक्त चव नाही. ओढ शमली नाही. कोको नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटने मात्र थोडीफार शमली. ओढ चवीची आणि तोंडात विरघळण्याची असते.

सातनंतरचे कार्ब्स: इस्रायलमध्ये पोलिसांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला, एका गटाने दिवसातले बहुतेक कार्ब्स रात्रीच्या जेवणात खाल्ले आणि त्यांचं वजन उलट थोडं जास्तच उतरलं. रात्री उशिरा भरमसाट खाणं वाईटच, पण सातला काही कुलूप लागत नाही.

आता कमकुवतपणा. हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

आधी हे बघा की आपण ज्याला कार्ब्सचं क्रेव्हिंग म्हणतो ते नेमकं कशाचं असतं. उकडलेल्या बटाट्यासाठी कुणी तळमळत नाही. तळमळतो ते वेफर्स, आइस्क्रीम, केक, क्रीमची बिस्किटं यासाठी, आणि वेफर्समधल्या निम्म्याहून जास्त कॅलरी तेलाच्या असतात. हे फॅट आणि कार्ब्स एकत्र असलेलं खाणं आहे, मेंदूला दोन्ही एकत्र मिळालं की ते जास्तच मोलाचं वाटतं हे २०१८ मध्ये तपासून झालंय. दोष मात्र एकट्या बटाट्याला आणि भाताला. गंमत म्हणजे सिडनीत १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीत खायला देऊन पोट किती भरल्यासारखं वाटतं ते मोजलं, तर पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा, पांढऱ्या ब्रेडच्या तिप्पटीहून जास्त, आणि शेवटचा क्रॉसाँचा. म्हणजे दोन्ही कार्ब्सच, पण एक पोट भरतं आणि एक भरत नाही.

दुसरं झोप. शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर भुकेचं हार्मोन घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्तीचं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झालं, आणि ओढ सगळ्यात जास्त वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. जिचं बाळ रात्री तीनदा उठतं, जो नाइट शिफ्ट करतो, त्याला तुम्ही कमकुवत म्हणणार का? मला नाही म्हणवत.

मग मी काय केलं ते सांगते, नियम म्हणून नाही. सकाळी आणि दुपारी नीट जेवायला लागले, प्रोटीन आणि डाळी-भाज्या धरून, आणि भात ठेवला, फक्त वाटीने घेते. संध्याकाळी पाच वाजता भूक लागो न लागो काहीतरी खाते कारण माझी रात्र तिथेच बिघडायची. गोड आठवड्यातून दोन-तीनदा, बसून, ताटलीत, जेवणानंतर, पोट भरलेलं असताना, आणि त्या वेळी मनात गुन्हा नाही. तरीही ओढ येतेच, मग पंधरा मिनिटं भरभर चालून येते. चालण्याने गोडाची ओढ कमी होते यावर इंग्लंड आणि ऑस्ट्रियात प्रयोग झालेत. बाहेर जाता येत नसेल तर फोनवर ठोकळे रचायचा टेट्रिस खेळते, कारण क्रेव्हिंग म्हणजे बरंचसं मनात दिसणारं त्या पदार्थाचं चित्र असतं आणि डोळ्यांना दुसरं काम दिलं की ते चित्र फिकं होतं, हेही तपासलेलं आहे. ओढ वर चढते आणि खाल्लं नाही तरी ओसरते, हे एकदा अनुभवलं की तिची भीती जाते. आणि नाहीच ओसरली तर खाते, एक भाग, आणि पुढचं जेवण नेहमीसारखंच, उपास करून भरपाई नाही. वजन सावकाश उतरतंय, पण ती अकरा वाजताची रात्र वर्षभरात आली नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, "सगळ्यांसाठी सुरक्षित", आणि हा खोटा तर आहेच पण धोकादायक पण आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा डायबेटिसच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी डोस तोच ठेवून कार्ब्स अचानक बंद केले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धीपर्यंत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी कीटोअॅसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) धोका असतो आणि त्यात शुगर फार वाढलेली दिसतही नाही त्यामुळे लक्षात येत नाही. गरोदर बायका, किडनीचा त्रास असलेले, आणि ज्यांना कधी उपाशी राहणं-अधाशी खाणं असा आजार होऊन गेलाय, त्यांनीही हे परस्पर करायचं नाही.

मामींना डायबेटिस आहे. मेसेज वाचल्या वाचल्या मी उत्तर टाइप न करता आधी फोन केला आणि गोळीचं नाव वाचून दाखवायला सांगितलं, ती ग्लिमेपिराइडच निघाली, आणि मामी सोमवारपासून २१ दिवस सुरू करणार होत्या. आता सोमवारी आम्ही दोघी त्यांच्या डॉक्टरांकडे जातोय.