‘फोर्स मारा आणि चहा प्या’ म्हणणाऱ्या अनामिकास

अनामिक महाशय,

शाखेतल्या मशीनवर ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम लागणारे नियम) लागत नसेल तर काय काय तपासावं, यावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री तुमची प्रतिक्रिया आली. इतरांना ती शोधत बसावं लागू नये म्हणून सार इथेच देतो: “काका, एवढा निबंध कशाला? जीपीअपडेट फोर्स मारायचं आणि चहा प्यायला जायचं, परत येईपर्यंत पॉलिसी लागलेली असते. डीएनएस बघा हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. लूपबॅकचा लेखात उल्लेखही नाही, टर्मिनल सर्व्हरवरचा निम्मा घोळ तिथेच असतो. स्क्रीनशॉट मोबाइलवर वाचता येत नाहीत. आणि आता सगळे इंट्यूनवर गेलेत.” (नव्या वाचकांसाठी: जीपीअपडेट ही पॉलिसी ताज्या करायची कमांड, फोर्स हा तिला जोडायचा शब्द. डीएनएस नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगतं. लूपबॅक म्हणजे यूजरच्या पॉलिसी मशीनवरून ठरवणारी सेटिंग, टर्मिनल सर्व्हर म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचा सर्व्हर, आणि इंट्यून ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरून मशीन सांभाळायची सेवा.)

स्क्रीनशॉटचं मान्य. खरंच बारीक आलेत, रविवारी मोठे करून टाकतो. बघा, योग्य टीका असेल तर मी लगेच ऐकतो.

‘काका’ म्हणालात, तेही सोडून देतो. वयाने असेनही. पण अनोळखी माणसाच्या लेखाखाली पहिलाच शब्द हा लिहायचा आणि वर स्वतःचं नाव लिहायचं नाही, ही कुठली रीत? इथे वर्षानुवर्षं लोक येतात, माझ्याशी भांडतातही, पण ‘नमस्कार’ म्हणून भांडतात. शाळेत मास्तरांनी शिकवलं नसेल तर घरी तरी कोणी शिकवायला हवं होतं. असो.

आता तुमच्या त्या फोर्सकडे वळू.

नुसतं जीपीअपडेट चालवलं की बदललेल्या पॉलिसी लावल्या जातात. फोर्स जोडलं की न बदललेल्याही सगळ्या पुन्हा लावल्या जातात. फरक एवढाच, त्या कमांडमध्ये याहून जास्त ताकद नाही. आता ती पॉलिसी त्या मशीनच्या वाट्यालाच येत नसेल, म्हणजे मशीन भलत्याच ओयूमध्ये (मशीन ठेवायच्या कप्प्यात) पडलंय, पॉलिसी कोणाला लागावी ते ठरवणाऱ्या सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये ग्रुपच नाही, विंडोजची आवृत्ती वगैरे बघणारा डब्ल्यूएमआय फिल्टर त्या विंडोजला बाहेर ठेवतोय, तर पुन्हा लावायचं काय? शंभर वेळा मारा. शंभर वेळा ‘अपडेट सक्सेसफुली कम्प्लीटेड’ असंच येईल, आणि ते खोटंही नसेल. जे वाट्याला आलं ते लागलं, इतकंच ते सांगतंय.

चहाचंही सांगतो. साध्या मशीनवर पॉलिसी दर ९० मिनिटांनी आपोआप ताजी होते, त्यात शून्य ते ३० मिनिटांची उलटसुलट भर असते, म्हणजे सगळी मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत. तुमचा चहा दोन तास चालत असेल तर पॉलिसी फोर्सविनाही लागली असती. श्रेय कमांडला की चहाला, तुम्हीच ठरवा.

आणि फोर्स निरुपद्रवी आहे असं समजू नका. फोल्डर रीडायरेक्शन (यूजरचे फोल्डर सर्व्हरवर वळवणं) किंवा सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन लावलेलं असेल तर ती कमांड शेवटी विचारते, लॉग ऑफ करू का, रीस्टार्ट करू का, वाय की एन? काउंटरवरच्या ताईंना फोनवर ही कमांड टाइप करायला सांगणारे महाभाग मी पाहिलेत. ताई वाय दाबतात. समोर रांग, अर्धवट व्हाउचर, आणि शिव्या खाणार कोण, तर आयटीवाला.

तुम्ही फोर्स मारून कधी फसला नाहीत, हे मला पटतं. एकाच मजल्यावर एकच डीसी (डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा आणि पॉलिसी देणारा सर्व्हर) असेल तर कोणीच फारसं फसत नाही. मी या धंद्यात आलो तेव्हा विंडोज एनटी ४ होतं. सिस्टिम पॉलिसीची एक फाइल सर्व्हरच्या नेटलॉगॉन या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची, आणि तिने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) लिहिलेलं, फाइल काढली तरी तसंच राहायचं, गोंदण जसं. मग विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर आणि मशीनची मध्यवर्ती नोंदवही) आली, ग्रुप पॉलिसी आली, आणि आम्ही पुस्तकाविना, यूट्यूबविना ती शिकलो. त्यामुळे ‘एवढा निबंध कशाला’ हे मला कोणी सांगू नये.

निबंध कशाला, ते ऐकाच. एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. मुख्य कार्यालयात एक डीसी, तालुक्याच्या शाखेत दुसरा, विंडोज सर्व्हर २०१२. पेन ड्राइव्ह बंद करायची सेटिंग जुन्याच एका पॉलिसीत टाकली. मुख्य कार्यालयात पेन ड्राइव्ह बंद, शाखेत खुशाल चालू. तिथला मुलगा तुमच्याच पंथाचा, सकाळ-संध्याकाळ फोर्स मारायचा. दर वेळी सक्सेसफुल. लाल अक्षर नाही, एरर नाही.

जीपीरिझल्टचा (मशीनवर कोणत्या पॉलिसी लागल्या ते सांगणाऱ्या कमांडचा) एचटीएमएल रिपोर्ट काढला तेव्हा उलगडा झाला. पॉलिसीचे दोन भाग असतात. एक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत राहतो, दुसरा सिसव्हॉलमध्ये (डीसीवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) फाइलींच्या रूपात, आणि हे दोन भाग वेगवेगळ्या वाटेने एका डीसीवरून दुसऱ्यावर जातात. रिपोर्टमध्ये दोघांचे आवृत्ती क्रमांक शेजारी-शेजारी छापलेले असतात. शाखेतल्या मशीनवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा आकडा पुढचा, सिसव्हॉलचा मागचा. म्हणजे बदल झाल्याची खबर शाखेत पोचली होती, बदल पोचलाच नव्हता. मशीन इमानेइतबारे जुनी फाइल वाचून जुनीच पॉलिसी लावत होतं.

का? शाखेत वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, सर्व्हर धाडकन बंद पडला. सर्व्हर २०१२ वर असं झालं की डीएफएसआर (डीसींमध्ये फाइली नेणारी सेवा) सिसव्हॉलचं रेप्लिकेशन, म्हणजे एका डीसीवरून दुसऱ्यावर नक्कल करणं, थांबवून ठेवतं आणि इव्हेंट लॉगमध्ये २२१३ नंबरची नोंद टाकतं. गंमत म्हणजे ते परत सुरू करायची कमांड त्या नोंदीतच लिहिलेली असते, आधी बॅकअप घ्या असंही बजावलेलं असतं. वाचायची मात्र कोणीतरी. आणि हे थांबलेलं प्रकरण ६० दिवसांपलीकडे गेलं तर नुसती ती कमांड चालवून भागत नाही, मग सिसव्हॉल नव्याने सिंक करायचा वेगळाच उद्योग मागे लागतो. तिथे सुदैवाने तितके दिवस झालेले नव्हते.

सांगा आता, यात तुमचं फोर्स कुठे बसतं?

दुसरं उदाहरण तर सगळ्या जगाचं आहे. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एमएस१६-०७२ हा पॅच आला. तोवर यूजरच्या पॉलिसी यूजरच्या ओळखीवर वाचल्या जायच्या, त्यानंतर मशीनच्या ओळखीवर वाचल्या जाऊ लागल्या. ज्यांनी फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ (लॉगिन झालेले सगळे, मशीनसकट) काढून फक्त आपला ग्रुप ठेवला होता, त्यांच्या पॉलिसी एका रात्रीत गुपचूप बंद. उपाय काय, तर पॉलिसीच्या डेलिगेशनमध्ये (परवानग्यांच्या यादीत) ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला नुसता रीड (वाचायचा हक्क) द्यायचा. फोर्सने कोणाचीही पॉलिसी परत आली नाही. आजही नवा माणूस तोच ग्रुप काढतो आणि तीच मजा होते.

जीपीरिझल्टमध्येही एक खोच आहे, ती लेखात आहेच, पण तुम्ही तिथवर वाचलं असेल असं प्रतिक्रियेवरून वाटत नाही. साध्या यूजरच्या विंडोत चालवलं तर फक्त यूजरचा भाग दिसतो, मशीनचा नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून चालवलं तर मशीनचा भाग दिसतो, पण यूजर म्हणून ते अ‍ॅडमिनलाच धरतो. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय निदान करू नये.

डीएनएस शेंबड्या पोरालाही कळतं म्हणता. मग प्रत्येक दुसऱ्या शाखेत मला मशीनच्या डीएनएसमध्ये ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता का सापडतो? गुगलला तुमच्या डीसीचा पत्ता कसा ठाऊक असणार? ते टाकणारे शेंबडे नव्हते, सर्टिफिकेटवाले होते.

लूपबॅक म्हणाल, तर तो विषय वेगळा आहे. एका लेखात सगळं कोंबता येत नाही. लिहीन सवडीने. इंट्यूनचं तुमच्या कंपनीला परवडत असेल, आनंद आहे. सहकारी क्षेत्रात बोर्डाची मंजुरी यूपीएसच्या बॅटऱ्यांना मिळत नाही, तिथे दरमहा दर माणशी लायसन्स कुठून आणायचं? पुढे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त शेवटची ओळ, माझ्या ऑफिसात काम कमी असतं का असं विचारणारी, ती गाळली आहे, कारण तिचा ग्रुप पॉलिसीशी संबंध नाही. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. सोबत तुमच्या एखाद्या अडलेल्या मशीनचा जीपीरिझल्ट रिपोर्ट जोडा, सर्व्हरची आणि यूजरची नावं खोडून. खाली स्वतःचं नाव मात्र लिहा. बिननावाच्या प्रतिक्रियांची सोय मी आजपासून बंद केली आहे.